आईच्या लग्नात आपण कोण?

लग्न म्हटले की आपल्या घरांतून कुणाला 'तुझे काम काय' असे विचारावे लागत नाही. रूढीने ती वाटणी पूर्वीच करून ठेवली आहे. मामाने मुलीला बोहल्यापर्यंत आणायचे, करवलीने तिच्या मागे उभे राहायचे, मुलीच्या भावाने नवरदेवाचा कान पिळायचा आणि त्याबद्दल मानाचा पोशाख वसूल करायचा, वरमाईने थोडे रुसायचे आणि मुलीकडच्यांनी तो रुसवा काढायचा. कपड्यांचेही तसेच. मामाकडची पिवळी साडी केव्हा, शालू केव्हा, करवलीचा परकर कसा, आजीला आहेराचे लुगडे कोणाकडून, हे सगळे याद्या करतानाच ठरते. आहेर कमी पडला म्हणून भांडणे होतात. परंतु आपण कोण म्हणून उभे राहायचे, याबद्दल सहसा कुणाला शंका नसते.

पण लग्न आपल्या आईचे असेल तर?

हा प्रश्न मी कल्पनेने उभा केलेला नाही. गेल्या वर्षी माघ महिन्यात माझ्या आईचे लग्न झाले. बाबांना जाऊन तेव्हा सात वर्षे होत आली होती. आई शाळेत शिक्षिका आहे, वय शेहेचाळीस. ज्यांच्याशी तिने लग्न केले तेही विधुर. त्यांना इंजिनिअरिंगला असलेला एक मुलगा आणि नऊ वर्षांची एक मुलगी. आमच्या बाजूला मी, बारा वर्षांचा माझा भाऊ आणि आजी. ही आजी आईची आई नव्हे, बाबांची आई. एवढ्या माणसांनी त्या दिवशी काय करायचे आणि काय घालायचे, यावर आमच्या घरी दीड महिना जी चर्चा चालली, तिच्यातून माझे एक मत बनले. ते वाचकांपुढे ठेवते.

मत थोडक्यात असे : लग्न करावे की न करावे, हा प्रश्न आईचा किंवा वडिलांचा. तिथे मुलांना नकाराचा अधिकार नाही. परंतु त्या लग्नात मी कोण म्हणून उभी राहीन आणि अंगावर काय घालून उभी राहीन, हा प्रश्न माझा. पहिल्या प्रश्नात मुलांनी ढवळाढवळ करू नये. दुसऱ्या प्रश्नात मोठ्यांनी करू नये.

हे वेगळे सांगावे लागते, कारण या बाबतीत रूढीकडून आपल्याला काही मदत मिळत नाही. पुरुषाच्या दुसऱ्या लग्नासाठी मराठीत 'बिजवर' हा एक शब्द आहे, आणि त्या बिजवराचे लग्न वाजतगाजत होई. घरात मुले असली तर 'मुलांना आई आणली' असे म्हटले की प्रश्न मिटला. बाईच्या दुसऱ्या लग्नाला मात्र लग्न म्हणतच नसत. पाट लावला म्हणत, म्होतूर लावले म्हणत. ब्राह्मणांसारख्या जातींत तेही नव्हते. ज्या जातींत होते तिथे तो विधी बहुधा रात्री, अंधारात उरकत. सवाष्णी तिथे फिरकत नसत. आपल्याच मासिकाच्या कन्नड विभागात लिहिणाऱ्या माझ्या मैत्रिणीने मला सांगितले की त्यांच्याकडे याला 'उडिकी' म्हणत. कन्नडमध्ये 'उडु' म्हणजे नेसणे. 'सीरे उडिकी' म्हणजे साडी नेसवणे. बाईला नवी साडी नेसवली की लग्न लागले! हा शब्द ऐकून मला गंमत वाटली आणि वाईटही वाटले. सगळा विधी एका साडीवर आला, पण ती साडी बघायला घरची मुले काही जवळ नसणार. रूढीने घरच्यांना दिलेले काम एकच होते : लांब राहणे.

सुधारकांच्या इतिहासातही हा प्रश्न सापडत नाही. १८५६ च्या कायद्याने विधवाविवाहाला मान्यता दिली, हे आपण पाठ करतो. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली गोदूबाई या विधवेशी विवाह केला आणि मुरुडच्या लोकांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला, हेही आपल्याला ठाऊक असते. कर्वे स्वतः विधुर होते. त्यांचे चिरंजीव रघुनाथ, जे पुढे संततिनियमनाच्या प्रचारासाठी प्रसिद्ध झाले, ते त्या वेळी अकरा वर्षांचे होते. अकरा वर्षांच्या मुलाला त्या दिवसांत कुणी काय सांगितले, त्याला काय काम दिले, हा प्रश्न कुठल्याही परीक्षेत मी पाहिलेला नाही. विधवाविवाहाच्या गोष्टीत वधू असते, वर असतो, विरोधक असतात, पाठीराखे असतात. पोरे कुठे दिसत नाहीत. आज आपल्या वर्गातल्या कुणाच्या घरी असा प्रसंग आला, तर सुधारकांची चरित्रे त्याला धीर देतील. पण सकाळी उठून कोणता सदरा घालायचा, हे सांगणार नाहीत.

आता घरातल्या चर्चेकडे येते.

पहिला प्रश्न आईला कोण घेऊन येणार, हा निघाला. मामा म्हणाला, "एकदा मी तिला हाताला धरून नेली आहे. पुन्हा मीच कसा नेऊ?" त्यावर एका नातेवाइकांनी तोडगा काढला की मुलानेच आईचे कन्यादान करावे, किती छान दिसेल, फोटोही चांगले येतील. त्यांचा हेतू वाईट नव्हता. परंतु बारा वर्षांचा मुलगा आईचे दान करणार म्हणजे काय? आई काय त्याची कन्या आहे? आणि तो काय तिचा पालक आहे? ज्या मुलाला रात्री आई शेजारी नसली तर झोप लागत नाही, त्याच्याच हातून आई दुसऱ्याच्या हाती देण्याचा हा प्रकार बघणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आणील. पण त्याच्या मनाचे काय होईल, याचा विचार कुणी केला नव्हता. कायद्यालाही हे दान लागत नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात कन्यादानाचा आग्रह नाही, आणि ते आवश्यक नाही असे अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२४ साली म्हटलेही आहे. शेवटी आईच म्हणाली, "मला पाय आहेत. मी चालत येईन." प्रश्न तिथेच मिटला.

यावरून मी एक नियम काढला आहे. लहान मुलाला असे काम द्यावे की त्याने ते ऐन वेळी सोडले तरी लग्न अडता कामा नये. भावाला आम्ही विचारले, तुला काय करायला आवडेल? दोन दिवस तो काही बोलला नाही. मग म्हणाला, मी पाणी बघतो. म्हणजे जेवणाच्या पंक्तीत पाणी वाढायचे. काहींना हे काम त्याला शोभणारे वाटले नाही. नवरीचा मुलगा आणि तांब्या घेऊन फिरतो! पण मला ते फार शहाणपणाचे वाटले. तांब्या हातात असला की माणसाला कुठेही जाता येते, कुणाशी बोलायचे नसेल तर पुढच्या पानाकडे वळता येते आणि लग्नात आपले काही काम नाही असेही कुणी म्हणू शकत नाही.

मला स्वतःला कायद्यानेच काम दिले. नोंदणी १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली झाली. त्यात तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते, आणि विवाहाच्या वेळी तीन साक्षीदारांच्या सह्या लागतात. मी सज्ञान, तेव्हा एक सही माझी. आईच्या पहिल्या लग्नाला साक्ष राहणे कोणत्याही मुलीला शक्य नाही. दुसऱ्याला ती साक्षीदार राहू शकते, ही गोष्ट मला कागदावर सही करताना मनापासून आवडली. मात्र जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट सांगते. ती नोटीस कचेरीत सर्वांना दिसेल अशा जागी लागते. आपल्या गावात कुठल्याही कचेरीत ओळखीचा माणूस भेटतोच. तेव्हा घरच्यांना व जवळच्या नातलगांना सांगायचे ते नोटिशीच्या आधी सांगावे. 'आम्हांला बोर्डावरून कळले' हे वाक्य पुढे वीस वर्षे ऐकावे लागते.

आता कपड्यांविषयी. वरपक्षाकडून, म्हणजे खरे तर मोठ्या प्रेमानेच, अशी सूचना आली की चारही मुलांना एकाच रंगाचे कपडे शिवावेत. म्हणजे एक कुटुंब दिसेल. नऊ वर्षांची धाकटी आनंदाने उड्या मारू लागली. भाऊ उठून आतल्या खोलीत गेला. इंजिनिअरिंगवाल्याने फोनवर एवढेच सांगितले, "मी येतो, पण मला कपडे शिवू नका."

माझे म्हणणे असे की गणवेश शाळेला शोभतो. शाळेत एका दिवसात नाव घालता येते आणि एका दिवसात काढता येते, म्हणून तिथे एक रंग चालतो. घर तसे होत नाही. ज्यांची ओळख अजून चार भेटींची आहे, त्यांना एका ताग्यातले कापड घालून एका ओळीत उभे केले, तर फोटोत कुटुंब दिसेल. मुलांना मात्र आतून आपण कुणाच्या तरी नाटकात उभे आहोत असे वाटेल. म्हणून आम्ही ठरवले की प्रत्येकाने आपल्या आवडीचे घालायचे आणि कुणी कुणाला हसायचे नाही. धाकटीने खणाचे परकर-पोलके मागितले. गुळेदगुड्डचा खण आपल्या बाजारात मिळतोच. ती करवली झाली आणि दिवसभर कळशी खाली ठेवायला तयार नव्हती. भावाने ट्रंकेतून एक शर्टाचे कापड काढले. कुणाच्या तरी लग्नात बाबांना आहेरात मिळालेले, कधी न शिवलेले. शिंप्याने ते त्याच्या मापाने बेतले, आणि बरेचसे कापड उरले. तो शर्ट बाबांचा होता हे फोटो बघून कुणाला कळणार नाही. त्याला माहीत होते, तेवढे पुरे होते. आणि इंजिनिअरिंगवाला जीनची पँट घालून आला, मागच्या रांगेत बसला, जेवून रात्रीच्या गाडीने परत गेला. काही बायकांत कुजबूज झाली. मी म्हणते, आला हेच त्याने पुष्कळ केले. ज्या मुलाची आई चार वर्षांपूर्वी गेली, त्याने वडिलांच्या लग्नाला हसरा चेहरा घेऊनही आले पाहिजे, हा आग्रह कोणत्या न्यायाचा? येण्याचे स्वातंत्र्य द्यायचे तर गप्प बसण्याचेही द्यायला हवे.

नवरीच्या कपड्यांवर तर सर्वांनाच बोलायचे होते. एक पक्ष म्हणे, दुसरेपणाचे लग्न आहे, फिकी साडी बरी. दुसरा पक्ष म्हणे, पहिल्या लग्नाचा शालू अजून नवाकोरा आहे, तोच नेसू दे, खर्च वाचेल. आईने दोघांचेही ऐकले नाही. शालू बाबांच्या लग्नाचा आहे, तो त्याच लग्नाचा राहील, असे म्हणून तिने तो पुन्हा पेटीत ठेवला. आणि शहापुरात जाऊन स्वतःच्या पगारातून एक गर्द जांभळी साडी आणली. फिकी नव्हे. विधवेने फिके नेसावे, हा दंडक बाई पुन्हा लग्न करते त्या दिवशीसुद्धा तिच्या मागे मंडपापर्यंत येतो, हे आश्चर्य नव्हे काय? आपल्यापासून फार दूर नसलेल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव करून विधवेच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा बंद केल्या, आणि त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने इतर ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवण्यास सांगितले. ठराव चांगलाच आहे. पण साडीचा रंग ठरवणारे डोळे ग्रामपंचायतीच्या कक्षेत येत नाहीत. ते आपापल्या घरीच बदलावे लागतात.

सर्वांत अवघड प्रश्न आजीचा होता. तिने एके दिवशी जेवता जेवता विचारले, "मी कोण म्हणून येऊ ग? वरमाई म्हणून की विहीण म्हणून?" आम्ही हसलो, ती हसली नाही. सुनेच्या लग्नात सासूने कुठे बसायचे? तिला आहेर कुणी करायचा? याला मराठीत शब्द नाही, आणि शब्द नाही म्हणून जागाही नाही. काही नातलगांनी तिला परस्पर सांगून टाकले की त्या दिवशी तुम्ही आत्याकडे राहा, तुम्हांला त्रास नको. हा 'त्रास नको' म्हणजे जुन्या रात्रीच्या विधीचाच सौम्य अवतार! आईने मात्र तिला पहिली हळद लावायला सांगितले. आजी म्हणाली, "माझा हात नको." तीस वर्षे सुवासिनींच्या मागे उभी राहिलेली बाई, तिचा तो नकार एका दिवसात कसा जाणार? तिला कुणी आग्रह केला नाही, 'सुधारा आता' असे व्याख्यानही दिले नाही. विचारून ठेवले आणि वाट पाहिली. आठ दिवसांनी तिने आपण होऊन तांदूळ निवडायला घेतले, त्यांना कुंकू चोळले आणि सगळ्या लग्नाच्या अक्षता घरीच तयार केल्या. नेसायला तिने इरकल काढले, कितीतरी वर्षे घडी न मोडलेले. हळद तिने लावली नाही. अक्षता मात्र पहिल्या रांगेत बसून टाकल्या, आणि त्याही भर दुपारी. बाबांचा फोटो भिंतीवर होता तिथेच राहिला. तोही काढून ठेवा, असे सुचवणारे होतेच.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला आक्षेप साधेपणावाल्यांचा. कचेरीत सह्या करा, घरी येऊन चहा घ्या, हे मान-पान, कपडे, करवली हवेत कशाला? खर्चाच्या दृष्टीने मला हे पटते. आमचे लग्नही साठ माणसांत झाले. पण साधे असणे वेगळे आणि गुपचूप असणे वेगळे. मुलांना एक दिवस शाळेत पाठवून आईने सह्या करून यायचे, तर मुलांना एवढेच कळते की घरात काहीतरी लपवण्यासारखे झाले. हातात तांब्या दिला तर त्यांना कळते की हे आपल्या घरचे कार्य आहे.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा. मुलांना इतके विचारायचे, तर उद्या त्यांची परवानगीच घ्यावी लागेल. तसे होत नाही. माझ्या भावाला पाणी वाढायचे की नाही हे विचारले. आईने लग्न करावे की नाही हे विचारले नाही, सांगितले. उलट मोठ्या माणसांनाच इथे खरी अडचण असते. कुणाला काय मान, या वादाच्या आड अनेकदा घर कुणाचे आणि पैसे कुणाचे हा वाद दडलेला असतो. तेव्हा तोही उघड करावा. १८५६ च्या कायद्याने विधवेला लग्नाची मोकळीक दिली, पण त्याच कायद्याने पुनर्विवाह करताच पहिल्या पतीच्या मिळकतीवरचा तिचा हक्क काढून घेतला. ते दिवस गेले. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानंतर पतीच्या पश्चात तिला मिळालेला वाटा तिच्या मालकीचा असतो आणि पुनर्विवाहाने तो जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट केले आहे. ज्यांना हे ठाऊक नसते, ते साडीच्या रंगावर भांडतात.

एक गोष्ट राहिली, ती हाकेची. अक्षता पडल्या की लगेच कुणीतरी मुलांना म्हणते, "आता यांना बाबा म्हणा हं." कृपा करून असे म्हणू नये. आम्ही त्यांना 'काका' म्हणतो, धाकटी माझ्या आईला कधी 'काकू' म्हणते, कधी 'आई'. दोन्ही हाकांना आई 'ओ' देते. नाते रुजायला वेळ लागतो. हाक त्याच्या मागून येईल किंवा येणारही नाही. लग्नाच्या दिवशी द्यायच्या भूमिकांमध्ये ही भूमिका नसावी.

मित्रहो, आपल्या पिढीत असे प्रसंग पूर्वीपेक्षा अधिक घरांत येतील, असे मला वाटते. आई-वडिलांपैकी एक मागे राहिले, मुले शिकायला, नोकरीला दूर गेली, की मागे राहिलेल्या माणसाला घरात बोलायला कुणी नसते. त्याने पुन्हा संसार मांडायचे ठरवले, तर आपण पाठिंबा देऊ, असे आज वर्गात विचारले तर सगळे हात वर करतील. परंतु पाठिंबा ही बोलण्याची वस्तू झाली. त्या दिवशी घरातली म्हातारी कुठे बसणार, लहान भाऊ काय घालणार, मागच्या रांगेतल्या मुलाला कुणी जेवायला बसवायचे, हे बघणारे कुणीतरी लागते. ते काम आपल्यासारख्या, ना लहान ना मोठ्या, अशा मुला-मुलींचे आहे. कुणी ते आपल्याला सोपवणार नाही. आपण होऊन घ्यावे, आणि ते घेताना आधी प्रत्येकाला विचारावे.